इंग्रजीतले बदलवाचक शब्द आणि मराठी अनुवादकाचे काम

इंग्रजीत बदल सांगणारे शब्द पुष्कळ आहेत: चेंज, ऑल्टर, व्हेरी, अमेंड, मॉडिफाय, रिव्हाइज, कन्व्हर्ट, ट्रान्सफॉर्म, म्यूटेट, इव्हॉल्व्ह, शिफ्ट, ट्रान्झिशन. शाळेतल्या शब्दकोशात यांतल्या बहुतेकांपुढे ‘बदलणे’ एवढाच अर्थ सापडतो आणि रोजच्या वाचनाला तो पुरतोही. कायद्याचा मसुदा, करारनामा, विज्ञानाचे पुस्तक किंवा परदेशातली बातमी मराठीत आणायला बसलेल्या माणसाला मात्र तो पुरत नाही. इंग्रजी वाक्यात यांपैकी नेमका कोणता शब्द आला आहे, यावरून बरेच काही कळत असते. बदल कुणी केला की आपोआप झाला, मूळ वस्तू किती शिल्लक राहिली, बदल बऱ्यासाठी झाला की वाइटासाठी, हे सगळे त्या शब्दात आधीच बसलेले असते. मराठीत सरसकट ‘बदल’ लिहिले की ते वाचकापर्यंत पोहोचत नाही. अनुवादाच्या कामात काही वर्षे गेली की हा फरक डोळ्यांत खुपू लागतो.

चेंज हा यांतला सर्वांत व्यापक आणि सर्वांत कमी बोलणारा शब्द. तो उत्तरकालीन लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘काम्बियारे’ या क्रियापदाचा अर्थ अदलाबदल करणे. सुट्या पैशांना चेंज म्हणतात ते याच अर्थामुळे. मराठीतला ‘बदल’ अरबीतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरे असाच आहे. ‘बदली’ आणि ‘मोबदला’ या शब्दांत तो अजून जिवंत आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी उभा राहणारा तो ‘बदली कामगार’. हा शब्द इतका रुळला की १९४७च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या इंग्रजी पाठात, कलम २५-सीच्या स्पष्टीकरणात, तो ‘बदली वर्कमन’ असा जसाच्या तसा गेला. त्याच अधिनियमाच्या कलम ९-ए मध्ये चेंज हा शब्द होता: वेतन, कामाचे तास, पाळ्या, रजा अशा चौथ्या अनुसूचीतल्या बाबींत मालकाला काही बदल करायचा असला, तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. इथे ‘बदल’ हाच शब्द योग्य. कायद्याला इथे बदलाच्या बरे-वाईटपणाशी कर्तव्य नव्हते, तो होणार आहे एवढे कामगाराला आधी कळावे हाच हेतू होता.

ऑल्टर याचे मूळ लॅटिन ‘आल्टेर’, म्हणजे ‘दुसरा’. व्यवहारात त्याचा अर्थ मात्र ‘तीच वस्तू, थोडी वेगळी’ असा झाला आहे. शिंप्याकडे पँट ऑल्टर करायला टाकली तर कंबर सैल होते, उंची कमी होते, पँट तीच राहते. भारताच्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला राज्याच्या सीमा आणि नाव ‘ऑल्टर’ करण्याचा अधिकार दिला आहे. मद्रासचे तमिळनाडू करणारा १९६८चा, म्हैसूरचे कर्नाटक करणारा १९७३चा, उत्तरांचलचे उत्तराखंड करणारा २००६चा आणि ओरिसाचे ओडिशा करणारा २०११चा, या सगळ्या कायद्यांच्या शीर्षकांत ‘ऑल्टरेशन ऑफ नेम’ असे शब्द आहेत. पाटी पालटली तरी राज्य तेच राहते आणि त्याच्या नावावरचे करार, कर्जे, खटले पुढे चालू राहतात. चौथा अनुच्छेद आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो: असा कायदा म्हणजे ३६८व्या अनुच्छेदातली घटनादुरुस्ती नव्हे. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० मुळे संविधानाच्या पहिल्या अनुसूचीतला मजकूर बदलला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली, पण घटनादुरुस्त्यांच्या क्रमांकांत तो कायदा मोजला जात नाही. मराठी मजकुरात ऑल्टर आणि अमेंड या दोहोंसाठी ‘दुरुस्ती’ लिहिले, तर वाचकाचा इथे हमखास गैरसमज होतो.

धनादेशाच्या बाबतीत ऑल्टरचा अर्थ अधिक काटेकोर आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ८७ मध्ये ‘मटीरिअल ऑल्टरेशन’ची तरतूद आहे. रक्कम, तारीख किंवा पैसे घेणाऱ्याचे नाव यांत संमतीशिवाय फेरबदल झाला, तर संमती न दिलेल्या पक्षाविरुद्ध तो दस्तऐवज निरर्थक ठरतो. बँकेच्या खिडकीवर याला ‘खाडाखोड’ म्हणतात. शब्द जिवंत आहे, डोळ्यांपुढे चित्र उभे करणारा आहे, पण कायद्याच्या मजकुरात तो अपुरा पडतो. खाडाखोड दिसते. आकड्यांपुढे मोकळ्या राहिलेल्या जागेत कुणी त्याच शाईने एक शून्य वाढवले, तर खाडाखोड कुठेच नसते आणि ऑल्टरेशन मात्र झालेले असते. म्हणून सामान्य ग्राहकासाठीच्या माहितीपत्रकात ‘खाडाखोड किंवा फेरबदल’ असे दोन्ही शब्द लिहावेत. एक शब्द जास्त गेला तरी नुकसान काहीच नाही.

व्हेरी हा शब्द करारात अटींसाठी येतो. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १३३ प्रमाणे, धनको आणि ऋणको यांनी जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटींत फरक केला, तर त्यापुढच्या व्यवहारांबाबत जामीनदार मोकळा होतो. इथे ‘फरक’ हा साधा शब्द चपखल बसतो, कारण पहिली अट काय होती आणि आता काय आहे हेच न्यायालय तपासते. तिथे ‘सुधारित अटी’ लिहिणे जामीनदारावर अन्याय करणारे आहे. व्याज वाढलेले असेल तर त्याच्या दृष्टीने काहीही सुधारलेले नसते.

या ‘सुधारणे’चा प्रश्न अमेंड या शब्दापाशी सर्वांत जास्त टोचतो. अमेंडचे मूळ लॅटिन ‘मेंडा’, म्हणजे दोष किंवा चूक; अमेंड म्हणजे दोष काढून टाकणे. महाराष्ट्राच्या विधिविषयक मराठीने त्यासाठी ‘सुधारणा’ हा शब्द पक्का केला आहे आणि ‘(सुधारणा) अधिनियम’ हे कंस राज्याच्या कितीतरी कायद्यांच्या नावांत दिसतात. मूळ लॅटिन अर्थाशी तो इमान राखतो. अडचण अशी की इंग्रजी अमेंडमधला ‘चांगल्यासाठी’ हा भाग कायद्याच्या वापरात केव्हाच झिजून गेला, मराठी ‘सुधारणा’ मात्र अजून ताजी आहे. सुधारणा म्हटले की मराठी वाचकाला आगरकर आठवतात. एखाद्या कलमाने लोकांचा हक्क काढून घेतला तरी त्याचे नाव सुधारणाच, हे वाचताना त्याला खटकते आणि ते खटकणे रास्त आहे.

संविधानाच्या बाबतीत लोकांनी निवडलेला शब्द वेगळा: घटनादुरुस्ती. १९७१ साली २४व्या घटनादुरुस्तीने ३६८व्या अनुच्छेदात असे स्पष्ट केले की संसद भर घालून, फरक करून किंवा निरसन करून संविधानाची कोणतीही तरतूद अमेंड करू शकते. या शब्दाची हद्द किती, हा केशवानंद भारती खटल्यातला मध्यवर्ती प्रश्न होता. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही असा निकाल दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या विवेचनाचा गाभा शब्दार्थाचाच आहे: अमेंड करण्यात जुने संविधान आपली ओळख न गमावता टिकून राहणे गृहीत आहे. मराठीत ‘दुरुस्ती’ हा शब्द नेमके हेच सांगतो. घराची दुरुस्ती झाली म्हणताना घर उभे आहे हे सांगावे लागत नाही. राजपत्रातल्या ‘सुधारणे’पेक्षा वर्तमानपत्रातली ‘दुरुस्ती’ खन्नांच्या अर्थाला जास्त जवळची आहे.

याच जागी हिंदीची एक ठेच ठरलेली असते. हिंदीत अमेंडमेंटला ‘संशोधन’ म्हणतात. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य. दिल्लीहून आलेल्या हिंदी मसुद्यावरून घाईने मराठी प्रत केली की ‘संविधान संशोधन’ तसेच उतरते आणि वाचकाला कुणीतरी संविधानावर प्रबंध लिहिला असे वाटते. ‘संक्रमण’चेही तेच. मराठीत तो एका स्थितीतून दुसरीत जाण्याचा शब्द, हिंदीत रोगाच्या संसर्गाचा. करोनाच्या साथीत हिंदीचा अर्थ मराठी जाहिरातींत घुसला आणि ट्रान्झिशनसाठी हाताशी असलेला एक चांगला शब्द त्या काळात गढूळ झाला.

रिव्हाइज म्हणजे पुन्हा पाहणे. अर्थसंकल्पातल्या ‘रिव्हाइज्ड एस्टिमेट्स’ना मराठीत ‘सुधारित अंदाज’ म्हणतात. एखाद्या योजनेची तरतूद निम्म्यावर आली तरी तो अंदाज सुधारितच. आता हा शब्द हलणार नाही, पण बातमी लिहिणाऱ्याने शेजारी ‘घटवलेला’ किंवा ‘वाढवलेला’ हे विशेषण द्यायला हवे. शासन निर्णयांची भाषा या बाबतीत जास्त शिस्तीची आहे. मजकुरात टंकलेखनाची किंवा आकड्याची चूक झाली असेल तर ‘शुद्धिपत्रक’ निघते, धोरणातच फरक करायचा असेल तर ‘सुधारणा’ येते आणि जुना निर्णय बाजूला सारून नवा लागू करायचा असेल तर तो ‘अधिक्रमित’ होतो. मंत्रालयातल्या कोणत्याही कक्षात हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात नाहीत, कारण पुढे कुणाला किती थकबाकी मिळणार हे त्यावर ठरते.

म्यूटेशन या एका शब्दाला मराठीत दोन अगदी वेगळी घरे आहेत. जमिनीच्या कागदांत म्यूटेशन म्हणजे फेरफार. विक्री झाली, वाटणी झाली किंवा खातेदार वारला, की तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते आणि मग सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जमीन जागची हललेली नसते, बांधही तेच असतात. फिरते ती नोंद. जीवशास्त्रातले म्यूटेशन म्हणजे उत्परिवर्तन, डीएनएच्या क्रमात पडलेला फरक, आणि तिथे बदलतो तो सजीवाचा आतला मजकूरच. हा शब्द ह्यूगो द व्हरीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जीवशास्त्रात रूढ केला. महसुलाच्या मराठीत ‘फेरफार’ किती जुना आणि अचूक आहे हे पाहिले, की नवे संस्कृत शब्द घडवण्याआधी तालुक्याच्या कचेरीत काय बोलतात ते ऐकावे असे वाटू लागते.

कन्व्हर्ट आणि ट्रान्सफॉर्म यांत बदल पुरा होतो. यासाठी मराठीजवळ ‘-अंतर’ लावून घडवलेली मोठी शब्दमाला आहे: रूपांतर, भाषांतर, धर्मांतर, स्थलांतर, वेषांतर, नामांतर, स्थित्यंतर. संस्कृत ‘अंतर’चा इथला अर्थ ‘दुसरे’, आणि इंग्रजीतला ‘अदर’ त्याच जुन्या मुळातून फुटलेला आहे. काय बदलले हे या रचनेत आधी येते, म्हणून ती इंग्रजीपेक्षा नेमकी ठरते. मराठवाडा विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. १९७८ साली विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली, माणसे मारली गेली. ती चळवळ ‘नामांतरा’ची. १४ जानेवारी १९९४ रोजी प्रत्यक्षात झाला तो ‘नामविस्तार’: ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि त्याआधी बाबासाहेबांचे नाव आले. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘रीनेमिंग’ चालते. त्या शब्दातून सोळा वर्षांच्या संघर्षात कुणी काय मागितले आणि काय पदरात पडले, हे कळायला मार्ग नाही. या विषयावरचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणताना ‘रीनेमिंग’ दिसले की तारीख पाहूनच शब्द निवडावा लागतो.

इव्हॉल्व्ह आणि रिव्होल्यूशन ही लॅटिनमधल्या ‘गुंडाळणे, फिरवणे’ या एकाच क्रियेतून आलेली भावंडे. मराठीत उत्क्रांती, क्रांती आणि संक्रांत हीसुद्धा एकाच धातूची लेकरे, पण तो धातू ‘क्रम्’, पाऊल टाकणे. डार्विनच्या १८५९च्या ग्रंथात ‘इव्होल्यूशन’ हा शब्द नव्हता. त्याने ‘मॉडिफिकेशन’ वापरला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेला थोडाथोडा फरक; ‘इव्होल्यूशन’ त्या ग्रंथाच्या १८७२च्या सहाव्या आवृत्तीत आला. मराठी ‘उत्क्रांती’मधला ‘उत्’ वर चढण्याची सूचना देतो. डार्विनच्या विचारात वर-खाली असे काही नाही, परिस्थितीला जुळणे आहे. शाळेतल्या मुलांना माकडापासून माणसापर्यंत जिना चढल्यासारखे वाटते, त्याचे थोडे खापर या उपसर्गावर फोडायला हरकत नाही.

आतापर्यंतचे शब्द कचेरीतले. घरगुती इंग्रजीत बदल सांगण्याचे काम फार छोट्या क्रियापदांवर सोपवलेले असते: गो, टर्न, गेट, ग्रो, फॉल, कम. यांत एक शिस्त आहे. बिघडण्याकडे जाणारे बदल बहुधा ‘गो’ घेतात: गो बॅड, गो ब्लाइंड, गो बँकरप्ट. स्वप्न खरे झाले तर ‘कम ट्रू’. सावकाश होणाऱ्याला ‘ग्रो’, पानाच्या रंगाला ‘टर्न’. मराठीत हे काम काही अंशी ‘पडणे’ करते, आणि तेही बऱ्याचदा उतरणीच्या बाजूने: आजारी पडणे, फिके पडणे, ओस पडणे, बधिर पडणे, धंदा बंद पडणे. पण मराठीची खरी श्रीमंती स्वयंपाकघरात दिसते. अन्न सुरक्षेचे एखादे इंग्रजी पत्रक मराठीत करायला घेतले की ‘गो बॅड’ पानापानावर भेटते आणि दर वेळी ‘खराब होणे’ लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दूध नासते, भात आंबतो, भाजी विटते, फळ सडते, तेल खवट होते, चिवडा सादळतो, भाकरी शिळी होते. बाई स्वयंपाकघरात हेच शब्द वापरते आणि प्रत्येक शब्दाबरोबर काय करायचे हेही तिला ठाऊक असते: चिवडा सादळला तर परतून घेता येतो, भाजी विटली तर फेकावी लागते. ‘खराब’ लिहिले की सूचना आणि कृती यांचा सांधा तुटतो. पत्रकाचे शब्द तिच्या तोंडचे असले तरच ते वाचले जाते.

आपोआप झालेला आणि कुणी केलेला बदल यांतला भेद इंग्रजीत क्रियापदावर दिसतोच असे नाही. रस्ता ‘वायडन’ होतो आणि रस्ता ‘वायडन’ करतात, दोन्हीकडे शब्द एकच. मराठीत रस्ता रुंदावतो, किंवा कुणीतरी तो रुंद करते. शास्त्रीय मराठीने हा भेद संस्कृतच्या मदतीने नामांतही आणला. पाण्याची आपोआप वाफ होते ते बाष्पीभवन. यंत्राने वाफ केली तर बाष्पीकरण. द्रवीभवन आणि द्रवीकरण यांचे नातेही तसेच. पुढे ‘-आयझेशन’ दिसेल तिथे ‘-करण’ चिकटवण्याची सवय लागली आणि हा भेद हरवला. शहरीकरण कोण करते? वाळवंटीकरण कुणी केले? गावातली माणसे पोट भरायला शहरात जातात, शहर वाढत जाते. त्या घडण्याला ‘करण’ म्हटले की त्यामागे कुणाची तरी योजना असल्याचा भास होतो. उलट जिथे खरोखर कुणीतरी करणारा आहे, जसे खाजगीकरणात, तिथे ‘करण’ अगदी योग्य आहे आणि करणारा कोण हे विचारण्याची सोय त्यात राहते.

पर्यावरणाच्या वाटाघाटींत तर बदलाच्या शब्दांवर रात्री जागतात. १९९२च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात ‘क्लायमेट चेंज’ची व्याख्या माणसाच्या व्यवहारांमुळे होणाऱ्या बदलापुरती आहे, निसर्गतः होणाऱ्या चढउतारांना तिथे ‘व्हेरिअबिलिटी’ हा वेगळा शब्द आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयपीसीसी’ या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या अहवालांत मात्र ‘चेंज’मध्ये दोन्ही येतात. मराठी बातमीत दोन्हींना ‘हवामान बदल’ म्हणतात, आणि यंदा पाऊस उशिरा आला तर त्यालाही. त्यामुळे एखाद्या वर्षाचा लहरीपणा आणि अनेक दशकांचा कल यांची सरमिसळ होते. एका हंगामासाठी ‘चढउतार’ किंवा ‘लहरीपणा’ आणि दीर्घकाळच्या कलासाठी ‘हवामान बदल’, एवढी विभागणी पाळली तरी शेतीच्या पानावरचा पुष्कळ गोंधळ टळतो.

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या हवामान परिषदेत शेवटच्या घटकेला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळशापासूनच्या विजेबाबतचा एक शब्द बदलायला लावला: ‘फेज आउट’च्या जागी ‘फेज डाउन’. ही बातमी मराठीत देताना ‘टप्प्याटप्प्याने’ हा भाग दोन्हीकडे सारखाच येतो. सगळा फरक पुढच्या शब्दात, ‘बंद करणे’ आणि ‘कमी करणे’. ‘कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यावर एकमत’ असा मथळा दिला तर तो घडल्याच्या नेमका उलट होतो. दोन वर्षांनी, २०२३ साली, दुबईत सर्व जीवाश्म इंधनांसाठी तिसराच शब्दप्रयोग आला, ‘ट्रान्झिशनिंग अवे’. यात बंद करणे नाही आणि नुसते कमी करणेही नाही. एका व्यवस्थेपासून दूर होत दुसरीकडे जाणे आहे, आणि तेही न्याय्य व सुव्यवस्थित रीतीने. ‘जीवाश्म इंधनांपासून क्रमाक्रमाने दूर जाणे’ हा त्याचा त्यातल्या त्यात प्रामाणिक मराठी अनुवाद. ‘बंदी’ हा मथळ्यासाठी सोयीचा शब्द इथे चालत नाही, कारण दुबईत कुणीही बंदी मान्य केलेली नव्हती.